गुरुबसप्पा आप्पांची गिरकी लातूर मुक्कामी चौबाजूंनी सर जाहली ती हकीकत

श्री सांबसदाशिव प्रसन्न.

सकळ श्रोतेजन, टाळकरी, विणेकरी, झोप अनावर जाहली असताही उठून न जाणारे वडीलधारे, आणि कीर्तन संपेतो लेकरू मांडीवर थोपटीत बसणाऱ्या आयाबाया, यांचे चरणी दंडवत घालोन विनंती ऐसी जे, गड कोणी घेतले आणि कोणी घालविले याच्या बखरी थोरांनी लिहोन ठेविल्या आहेत, परंतु गिरकी ही चीज दप्तरात राहत नाही, ती पायात राहते, आणि पाय गेला की गेली. सबब लातूर मुक्कामी जो रणसंग्राम जाहला आणि त्यात एक गिरकी जिवंत धरली गेली, ती हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे मीठ फारसे न घालता, लिहिली असे. चित्त देवोन ऐकिजे. मोबाईल बंद ठेविजे.

साल कोणते म्हणाल, तर लातुरास आगगाडीने पाणी आले त्याचे पुढील साल. ते काळी परगणे कंधार येथे शिवकीर्तनधुरंधर राजमान्य राजश्री गुरुबसप्पा आप्पा नांदत होते. आप्पांचा अंमल उत्तरेस हदगाव, दक्षिणेस उदगीर, आणि मधल्या मुलुखात जेथे सप्ताह बसेल तेथे. आवाज एके काळी गोदावरीसारखा होता, पुढे वयपरत्वे त्यात गाळ फार आला. परंतु आप्पांची खरी दौलत आवाजात नव्हतीच, ती उजव्या टाचेत होती. कीर्तन रंगास येऊन मृदंग दुगुणास चढला की आप्पा उजव्या टाचेवर तोल घेत, आणि डावे पाऊल भुईस न लावता, उपरण्याचे टोक हवेत, टाळ छातीशी, ऐसे सबंध गरकन् फिरत, आणि फेरा पुरा होतो न होतो तो डावे पाऊल समेवर असे पडे की, मागल्या रांगेत घोरणारे गावचे पाटील दचकून जागे होत, मोठ्याने 'हर हर महादेव' म्हणत, आणि मग शेजाऱ्यास पुसत की काय झाले. या चालीस मुलुखात अण्णाराव महाराजांची गिरकी म्हणत.

अण्णाराव महाराज हे आप्पांचे गुरू. औशाकडील एका गावचे. भूकंपात गाव बसले आणि महाराज देवळासकट त्यात गेले. मागे तसबीर एकही राहिली नाही. राहिली ती गिरकी, आणि ती या एका माणसाच्या टाचेत.

ती शिकण्याचा रिवाज ऐसा की, शिष्याने टाळ घेऊन गुरूच्या पाठीमागे उभे राहावे, सालोसाल राहावे, आणि गुरूची पाठ पाहता पाहता ती आपली आपण पायात उतरावी. गुरूचे तोंड श्रोत्यांस, पाठ शिष्यास. पुढे येऊन कोणी मागितली तर आप्पांचा जबाब ठरलेला की, दाखवून येत न्हाई, मागं उभं राहून येती. आणि हल्लीचे टाळकरी मागे उभे राहून मोबाईलकडे पाहात, सबब कोणासही येईना.

अशात आप्पांचे दोन्ही गुडघे फितूर जाहले. नांदेडच्या शस्त्रवैद्यांनी चित्रे काढोन निवाडा दिला की, येत्या सोमवारी गुडघे बदलावे, मग देवळात जाल, शेतात जाल, एस्टीत चढाल, मात्र गिरकीचे नाव काढावयाचे नाही. न बदलावे तर खाट धरावी. म्हणजे सोमवारी गुडघे येणार आणि गिरकी जाणार, हे नक्की ठरले. शिल्लक काय, तर आप्पांच्या अदमासे फार तर एक गिरकी. दुसरीस पाय उभा राहीना.

हे वर्तमान आप्पांची नात पुनमबाई हिचे कानी गेले. ही पुनमबाई पूर्वी लातूरच्या मोहिमेवर जाऊन आलेली. लातूरची मोहीम म्हणजे क्लासच्या छावणीत राहणे, मेसचे पातळ वरण खाणे, आणि डॉक्टरकीचा किल्ला सर करणे. पुनमबाईने दोन वेळा सुलतानढवा केला, दोन्ही वेळा वरोन दगड आले. मग तिने नांदेडास संगणकाच्या इंजिनियरीची वाट धरली, आणि आजी, वज्रचुडेमंडित सौभाग्यवती गुरम्मा, यांनी गावात जाहीर केले की, पोरगी डाक्टरच होऊन राहिली, फकस्त मशीनची.

पुनमबाईस ती गिरकी आपल्या पायात हवी होती. परंतु बायकांनी टाळकऱ्यांचे रांगेत उभे राहावे असा रिवाज नव्हता. ती लहानपणापासोन बायकांत बसोन आप्पांस पुढूनच पाहात आली. पाठ तिने कधी पाहिली नाही. ही गोष्ट तिने घरी सांगितली नव्हती, एका जेबाबीस सांगितली होती. जेबाबी ही तिची वर्गमैत्रीण, घराणे नांदेडातील मोबाईल दुरुस्तीचे, सबब या मोहिमेत तोफखाना तिजकडे.

आता हत्यार काय ते ऐका. त्यांच्या कॉलेजात डेप्थ कॅमेरा म्हणोन चीज आहे. साधा कॅमेरा रंग पाहतो, हा अंतर पाहतो. डोळ्यास न दिसणाऱ्या उजेडाचे हजारो ठिपके तो समोरील माणसावर फेकतो, ते कोठे कसे पडले हे ताडतो, आणि नाक किती पुढे, पोट किती पुढे, हे तत्क्षणी सांगतो. परंतु त्यास आपल्या समोरची बाजू तेवढी कळे. म्हणोन पुनमबाईने मनसुबा केला की, असे चार सरदार चार कोपऱ्यांवर नेमावे, चौघांनी एकाच क्षणी आप्पांस घेरावे, आणि चौघांची खबर संगणकात एकवटावी, म्हणजे आप्पांचा सबंध जिवंत पुतळा त्याच घटकेस पडद्यावर उभा राहील आणि पाहिजे त्या अंगाने फिरवून पाहता येईल. मोबाईलने का भागत नव्हते म्हणाल, तर पुढून धरावे तो पाऊल मागे गेलेले, मागून धरावे तो ते पुढे आलेले. गिरकी अर्धी पुढे आणि अर्धी मागे घडते, आणि दोन अर्ध्या जोडून एक होत नाही.

एक अडचण ऐसी की, सूर्यनारायण आणि हा कॅमेरा यांचे हाडवैर. उन्हातही तेच न दिसणारे किरण असतात, त्यांचे लोंढ्यात बिचारे ठिपके वाहोन जातात. सबब ऊन शिरणार नाही असा मोठा हॉल पाहिजे. तैसा हॉल अख्ख्या मुलुखात एकच, तो लातुरास, भौतिकशास्त्रभूषण हमखास-यश-बहादर शेषेराव सर यांचे क्लासात. मुलांचे लक्ष बाहेर जाऊ नये म्हणोन सरांनी त्यास खिडक्याच ठेविल्या नव्हत्या. पुनमबाई पूर्वी तेथेच शिकलेली, त्या ओळखीवर अर्जी केली. सरांनी कौल दिला की, रविवारी हॉल घ्यावा, मात्र आप्पांचे मागून आम्हासही चौबाजूंनी धरावे, म्हणजे आम्ही एकाच तासास लातूर, नांदेड, उदगीर, तिन्ही ठिकाणी उभे राहून शिकवू. दुसरी अट अशी की, बाक वाजवू नये. क्लासच्या पोरांस खोड ऐसी होती की, सर फळ्याकडे वळले की लोखंडी बाकांवर हात मारोन ढोल सुरू करावा. त्यावर सरांनी सक्त मनाई केली होती आणि तसे फर्मान भिंतीवर मोठ्या अक्षरी रंगविले होते.

मग रविवारी फौज निघाली. एका टेम्पोत आप्पा, गुरम्मा, बजरंग मृदंगवाले, टाळकरी, दही-धपाट्यांचा डबा, आणि झोपलेले पाटील. तिकडोन नांदेडहून पुनमबाई आणि जेबाबी कॅमेरे मांडीवर घेऊन आल्या. हॉलात चार कोपऱ्यांस चार बाक लाविले, बाकांवर तिकाटणी बांधिली, तिकाटण्यांवर चार सरदार बसविले, आणि भिंतीवर पडदा लाविला. टाळकऱ्यांस भिंतीलगत उभे केले, कारण आप्पांचे मागे कोणी असता पाठ झाकली जाती.

प्रथम पुनमबाईने काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक पट चारी कॅमेऱ्यांपुढे फिरविला. हेतू ऐसा की, चौघांनी एकच वस्तू पाहोन, आपण एकमेकांपासोन कोठे उभे आहो हे ठरवून घ्यावे. हे ठरले की मग कॅमेरा केसभरही हलविणे नाही, असा तिचा हुकूम जाहला. हुकूम सर्वांनी ऐकला. आप्पांनीही ऐकला. परंतु आप्पांचे घराण्याचा शिरस्ता ऐसा की, कीर्तनापूर्वी जो जो साथीस उभा, त्याचे कपाळी विभूतीचे तीन पट्टे स्वहस्ते ओढावयाचे. हे चार सरदार तीन पायांवर का होईना, साथीस उभेच होते. पुनमबाई संगणकात मान घालून असता आप्पा एकेकापाशी गेले, त्याची हनुवटी मायेने वर केली, आणि कपाळी विभूती ओढली. कॅमेऱ्यास कपाळ म्हणोन वेगळे नसते. असते ती काच.

पडदा उजळला तो आप्पा चार. एकमेकांत रुतलेले, मुखे चार, हातांची मोजदाद नाही, आणि सर्वांवर भस्माचे ढग. पुनमबाईने कपाळास हात लाविला. परंतु टाळकऱ्यांनी ते रूप पाहिले मात्र, टाळ बाकांवर ठेवोन सर्वांनी लोटांगण घातले, कारण शिव पंचमुखी हे आजवर पोथीत ऐकले होते, ते आज लातुरास प्रत्यक्ष दिसले. त्यात बजरंग मृदंगवाले यांस शंका उपजली की, मुखे तर चारच, पाचवे कोठे. त्यावर गुरम्मा आजींनी न्याय दिला.

"पाचवं हे काय हितं उभं हाय. सकाळधरनं चष्मा हुडकून राहिलंय."

मग जेबाबीने ओढणीच्या पदराने काचा पुसल्या आणि आप्पांस अदबीने समजाविले की, "आप्पा, हे तुमचे साथीदार लई लाजाळू हायत. कुणी तोंडाला हात लावला की मान फिरवतेत." आप्पांस ते पटले, आणि तह ऐसा जाहला की, विभूती कॅमेऱ्याच्या पायास लावावी. पट पुन्हा फिरविला. चार आप्पांचे एक आप्पा जाहले.

परंतु लढाई येथे संपली नाही. आता आप्पा एक होते, पण सबंध नव्हते. जागोजाग भोके. पोटाच्या जागी भिंत दिसे, एक कान अधांतरी, डाव्या पावलाचा पत्ता नाही. गुरम्मा आजी पडद्याजवळ गेल्या, निरखून पाहिले, आणि मागे वळून म्हणाल्या, "अगं पुने, ह्यांच्या पोटातनं भिंत दिसून राहिली. सकाळी दोन धपाटे खाल्ले की, ते कुठं गेले?"

कारण ऐसे की, एका देवळात चार कीर्तनकार उभे राहून चौघांनी चार अभंग एकदम धरावे, मग ऐकणारास एकही कळू नये, तैसी गत जाहली. एका कॅमेऱ्याचे ठिपके दुसऱ्याचे ठिपक्यांत मिसळले, कोणाचे कोणते हे ज्याचे त्यास ओळखू येईना, आणि जेथे ओळखू येईना तेथे भोक. यावर जेबाबीपाशी तोड होती. जुन्या मोबाईलात, फोन आला असता जी थरथरते ती लहानशी मोटार असते, तैशा चार मोटारी तिने दुकानातून आणिल्या होत्या. त्या चारी कॅमेऱ्यांचे पाठीस बांधावयाच्या. तिचे म्हणणे ऐसे की, कंधारच्या रस्त्याने एस्टी उडत असता शेजारी बसलेला माणूस आपणास स्थिर दिसतो, कारण तोही आपणाबरोबरच उडतो, परंतु रस्त्याकडेची पाटी वाचता येत नाही. तैसेच थरथरत्या कॅमेऱ्यास आपले ठिपके स्थिर दिसतील, कारण ते त्याजबरोबर थरथरतात, आणि परक्याचे ठिपके पुसट होऊन जातील. मसलत खाशी होती. पुनमबाईने हुकूम दिला. जेबाबीने कळ दाबली.

मोटारी थरथरल्या, त्याबरोबर तिकाटणी थरथरली, तिकाटण्यांबरोबर लोखंडी बाक थरथरले, आणि लोटांगणाचे वेळी बाकांवर ठेविलेले टाळ आपले आपण किणकिणू लागले.

पुढे सांगणे नलगे. हा मुलूख भूकंप पाहिलेला. भांडे आपोआप वाजले की येथील माणूस विचार करीत नाही, त्याचे पाय परभारे अंगणात येतात. कोणी पळा म्हटले नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तो हॉल मोकळा. टाळकरी पळाले, बजरंग मृदंग कवळून पळाले, गुरम्मा आजी धपाट्यांचा डबा घेऊन पळाल्या, पाटील झोपेतच पळाले. आपली इमारत भूकंपात केसभर हलणार नाही, असे जाहिरातीत छापणारे शेषेराव सर सर्वांचे पुढे होते, आणि फितूर गुडघ्यांचे आप्पा सरांचेही पुढे होते. आत उरल्या फक्त पुनमबाई आणि जेबाबी. त्या भूकंपानंतर जन्मलेल्या, त्यांचे पायांस ही शिकवण नव्हती. एकमेकींचे तोंडाकडे पाहात उभ्या राहिल्या. जेबाबीच्या चारी मोटारी बांधणीतून सुटून खाली पडल्या होत्या, त्या लोकांचे पायांखाली येऊन कामी आल्या.

बाहेर खुलासा जाहला. सर म्हणाले की आम्ही फक्त गेट उघडावयास आलो होतो. लोक हसले, डबा उघडला, धपाटे निघाले. परंतु आप्पा हसेनात. ते गेटालगत मोकळ्या जागी मांडी घालून बसले. पुनमबाईने परोपरी विनविले की मोटारी मोडल्या, आता काही थरथरणार नाही, आत चला. आप्पांनी तिचा हात हाती घेतला.

"पुने, तुझी मशीन खोटी न्हाई. पर त्या पहाटं बी आधी टाळच वाजले हुते, खुंटीला टांगलेले. म्या देवळाभायेर झोपलो हुतो म्हणून हाय. महाराज आत हुते. त्या छताखाली आता म्या येत न्हाई."

आत जावे तर आप्पा येत नाहीत, बाहेर करावे तर ऊन, आणि सोमवार उद्यावर आलेला. पुनमबाई पायरीवर बसली आणि तिने मान खाली घातली. जेबाबी शेजारी बसोन म्हणाली, "रडून ठिपके मिळत न्हाईत, पुनम. धपाटा खा." पुनमबाईने धपाटा घेतला, आणि खाता खाता तिचे ध्यानी आले की, मघा पायरीवर ऊन होते ते आता नाही. सूर्यनारायण क्लासांच्या पाट्यांमागे उतरला होता, होर्डिंगवरील गुणवंतांचे फोटो काळवंडले होते, आणि शत्रूची फौज आपसुख माघारी चालली होती. हॉल धरला तो सूर्याकरिता. सूर्यच नाही तर हॉल कशास.

मग तिने उभे राहोन हुकूम फिरविला की, तळ पार्किंगात हलवावा. आप्पांनी एवढेच पुसले की वर काय आहे. ती म्हणाली, आभाळ. आप्पा म्हणाले, "मग हलू दे काय हलायचं ते. आभाळ पडत न्हाई."

बाक बाहेर काढावयास हॉस्टेलची पोरे धावली. रविवारचा पेपर देऊन, मार्क पडताळून, तोंडे उतरून बसलेली ती पोरे. त्यात एकवार नापास, दोनवार नापास, असे जुने शिपाई बहुत. त्यांनी चार बाक चार कोपऱ्यांस लाविले, पट फिरवू दिला, आणि मग जागा नाही म्हणोन त्याच चार बाकांवर आणि भोवताली दाटीने बसली. उजेड होता तो क्लासच्या पाटीचा, तीवर 'हमखास यश' ही अक्षरे निळी पेटलेली.

आप्पा उभे राहिले. हॉलात कॅमेऱ्यांपुढे ते नुसते उभे होते. येथे पोरे समोर बसली आणि आप्पांचा आवाज गाळातून वर आला. त्यांनी निरूपण ऐसे केले की, शिवाच्या दरबारी कटऑफ नाही. तेथे रँक पुसत नाहीत, आलास का एवढेच पुसतात. पहिल्या झटक्यात आला तोही आत, आणि धडपडत, गुडघे फोडून घेत, सर्वांचे शेवटी आला तोही आतच. महाद्वारी नंदी बसला आहे, तो कोणाचे हॉलतिकीट तपासत नाही. पोरे प्रथम हसली, मग टाळ्यांवर ताल धरू लागली. बजरंगांनी मृदंग चढविला.

आणि पडद्यावर भोके तैसीच. पोट नाही, कान नाही, डावे पाऊल नाही. पुनमबाईचा चेहरा उतरला. मृदंग दुगुणाकडे चालला होता, म्हणजे गिरकी येणार, आणि ती आली तर भोकात पडणार, आणि दुसरी नाही. उभे कीर्तन थांबवावे असा रिवाज नाही, आणि थांबवावे तर या रंगी पुन्हा येईल याचा भरवसा नाही. ती नुसती संगणकापुढे हात जोडून बसली.

इतक्यात एका बाकावरील पोराने आनंदाचे भरात बाकावर थाप मारली. शेषेराव सरांनी वळून पाहिले, त्याचा हात जागीच थिजला. परंतु त्या एका थापेसरशी त्या बाकावरील कॅमेरा थरथरला होता, आणि त्या बाजूचे भोक क्षणमात्र मिटले होते. ते जेबाबीने पाहिले. ती थेट सरांपाशी गेली, पडद्याकडे बोट केले आणि कानाशी लागोन अर्ज केला की, सर, आजच्या आज मनाई उठवा.

सरांनी पडद्याकडे पाहिले. मग पोरांकडे पाहिले. सर स्वतःही एके काळी दोनवार नापास जाहलेले शिपाई, हे त्यांनी कोणत्याही जाहिरातीत छापिले नव्हते. ते जवळच्या बाकापाशी गेले, मनगटावरचे घड्याळ काढोन खिशात ठेविले, आणि आपल्या हाताने पहिला ठेका धरिला.

मग काय विचारावे. सालोसाल दाबून ठेविलेला ढोल चारी बाकांवर एकदम फुटला. हात थकले तर पोरांनी वह्या घेतल्या. बाक जड लोखंडाचे, जागचे सरकले नाहीत, परंतु चौघे चार तऱ्हांनी थरथरू लागले, चौघांवरचे सरदार थरथरले, आणि ज्याचे ठिपके त्यास ओळखू आले. पडद्यावर आप्पा भरून येऊ लागले. पोट आले. कान चिकटला. उपरण्याची किनार आली. सरतेशेवटी, पाची बोटांसकट, डावे पाऊल आले.

आणि आप्पा फिरले.

उजव्या टाचेवर तोल, उपरणे हवेत, टाळ छातीशी, आणि म्हातारपण कोठे गळाले ते समजले नाही. चौघा सरदारांनी चौबाजूंनी आप्पांस झेलिले. डावे पाऊल समेवर पडले. टेम्पोच्या चाकाशी टेकून घोरणारे पाटील दचकून 'हर हर महादेव' म्हणाले आणि पुसते जाहले की काय झाले. उत्तर द्यावयास कोणास सवड नव्हती. आप्पा मटकन खाली बसले, बजरंगांनी मृदंग टाकून त्यांस धरिले, आणि आप्पांनी हाताने खूण केली की, जाहले, आरती घ्या.

कराराप्रमाणे मागाहून शेषेराव सरांसही चौबाजूंनी धरिले. सर पाटीखाली छाती काढोन उभे राहिले आणि न्यूटनाचा तिसरा नियम सांगू लागले. परंतु पोरे मेसला गेली होती, बाक वाजवावयास कोणी नव्हते, सबब सर अद्यापि भोकांनिशी आहेत. नांदेडचे पोरांचा बोभाटा ऐसा की, सरांच्या आरपार फळा दिसतो, त्यामुळे सोयच जाहली.

सोमवारी नांदेडास आप्पांचे गुडघे बदलले. शुद्धीवर येऊन दोन घास पोटात गेल्यावर पुनमबाईने संगणक खाटेवर मांडिला. आप्पांनी आपले तोंड पाहोन प्रथम नाराजी दाखविली की, येवढा म्हातारा हाय व्हय म्या. मग हुकूम केला की फिरव. पुनमबाईने बोटाने पुतळा फिरविला. कान आला, खांदा आला, आणि मग पाठ आली. जन्मात प्रथमच आप्पांनी आपली पाठ पाहिली. पडद्यावर गिरकी चालली होती, पाठ वळत होती, मान किंचित डावीकडे झुकत होती.

आप्पांनी हात जोडिले.

"पुने, हे म्या न्हवं. हे महाराज हायत. मान आशीच टाकायचे."

गुरम्मा आजींनी वाकून पाहिले. "महाराज कशाचे? धोतराचा सोगा सुटलाय बघा. म्या हज्जारदा सांगितलं, मागनं नीट खोचा." परंतु बोलता बोलता त्यांनीही पदर डोळ्यास लाविला, आणि मग पुनमबाईचा खांदा धरोन तिला संगणकासमोर, पडद्यावरील पाठीच्या ऐन मागे, उभे केले. आप्पांनी उशाशी ठेविलेले टाळ उचलोन नातीचे हाती दिले. रिवाज मोडला म्हणावे, तर शिष्य गुरूच्या पाठीमागेच उभा होता. वॉर्डात जेबाबीने औषधांच्या टेबलावर ठेका धरिला, नर्सबाईंनी दटाविले, मग त्याही दाराशी उभ्या राहिल्या. पुनमबाई फिरली, अर्ध्यात डगमगली, पाऊल उशिरा पडले. आप्पा खाटेवरून म्हणाले, "उशीर झाला. पुन्यांदा." आजवर ज्याने कोणास शिकविले नाही, त्याने हा शब्द त्या दिवशी इतके वेळा उच्चारिला की शेजारच्या खाटेवरील रोग्यासही सम कळू लागली.

सदर मोहिमेचा जाबता येणेप्रमाणे. आपल्याकडील नुकसान, मोटारी चार, धपाटे सर्व, आणि बाक वाजविण्याचे मनाईचे फर्मान, जे सरांनी आपल्या हाताने चुना लावोन पुसले. शत्रू सूर्यनारायण, तो दुसरे दिवशी नेहमीप्रमाणे उगवला, त्याजशी वैर नाही. हाती आले ते गिरकी एक, पुढून, मागून आणि दोहो कुशींनी शाबूत.

पुढे महाशिवरात्रीस कंधारी कीर्तन जाहले. आप्पा खुर्चीवर बसोन गायिले, टाळकऱ्यांचे रांगेत पुनमबाई उभी राहिली, आणि मृदंग दुगुणास चढता ती पुढे होऊन फिरली. पाऊल समेवर पडले. मागल्या रांगेतील पाटील दचकून जागे जाहले, मोठ्याने 'हर हर महादेव' म्हणाले, आणि या खेपेस काय झाले म्हणोन त्यांनी कोणास पुसले नाही. येथे फत्ते पुरी जाहली, शिक्का पडला असे.